मामा, इसी इसी! – कोकोडाच्या वाटेवरचे दहा दिवस

मेलबर्नला शिकायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी किंग्जबरी नावाच्या उपनगरात राहिले. ८६ नंबरची ट्राम, ला ट्रोब विद्यापीठ, एका घरात पाच मुली आणि एकच कुकर. हे किंग्जबरी कोण, असा प्रश्न त्या दोन वर्षांत एकदाही पडला नाही. बावीस वर्षांनी पापुआ न्यू गिनीतल्या बोमाना युद्धस्मशानात एका पांढऱ्या दगडासमोर उभी होते, तेव्हा कळलं. ब्रूस किंग्जबरी, वय २४, मेलबर्नचाच मुलगा.

कोकोडा ट्रॅक म्हणजे ९६ किलोमीटरची पायवाट. पोर्ट मोर्सबीच्या मागे ओवेन स्टॅनली पर्वतरांग आहे, ती ओलांडून ही वाट पलीकडच्या कोकोडा गावात उतरते. जुलै १९४२ मध्ये जपानी फौज उत्तर किनाऱ्यावर गोनाजवळ उतरली आणि याच वाटेने मोर्सबीकडे निघाली. नोव्हेंबरपर्यंत या चिखलात लढाई चालली. ६०० हून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, जपानी त्याहून जास्त. ऑस्ट्रेलियात शाळेतल्या पोरालाही हे नाव ठाऊक असतं. मी मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर, लॅबमधल्या एका सहकारिणीच्या नादाने तिथे गेले. ती ऐनवेळी गळाली, पैसे भरलेले होते, म्हणून मी एकटी.

मी अकोले तालुक्यातली. कळसूबाई अंगणात, हरिश्चंद्रगड शेजारी. त्यामुळे मनात गुर्मी होती की जंगल आणि चढ मला कोण शिकवणार! ही गुर्मी कुठे उतरली ते पुढे येईलच.

शनिवार-रविवार : पोर्ट मोर्सबी

ब्रिस्बेनमार्गे पोचलो. विमानतळाबाहेर दमट गरम हवेचा फडका तोंडावर बसला आणि एकदम मे महिन्यातली मुंबई आठवली. आम्ही नऊ जण होतो. ऑस्ट्रेलियन गाइड सैन्यातून निवृत्त झालेला, आणि वीसेक स्थानिक पोर्टर. ग्रुपमध्ये एक बाप-लेक दूधवाले, तीन शिक्षिका मैत्रिणी, आणि एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ, आयुष्यभर मेलबर्नची ट्राम चालवलेले. मनातल्या मनात मी त्यांचं नाव तात्या ठेवलं. त्यांचे वडील ३९व्या बटालियनमध्ये या वाटेवर होते.

रविवारी बोमानाला गेलो. ३,८०० हून अधिक कबरी, हिरवळीवर ओळीने. त्यातल्या सातशेच्या आसपास दगडांवर नाव नाही. किंग्जबरीच्या दगडाशी मी थांबले आणि तात्या एका वेगळ्या ओळीत बराच वेळ वाकून उभे होते. कुणी काही विचारलं नाही.

जाण्याआधीची तयारी थोडक्यात सांगते. मेलबर्नकरांसाठी फर्नट्री गलीच्या ‘थाउजंड स्टेप्स’ आहेतच. त्या वाटेचं खरं नाव कोकोडा ट्रॅक मेमोरियल वॉक. मी चार महिने, दर शनिवारी दोनदा, पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन चढले. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पहिला दिवस : ओवर्स कॉर्नर ते उआ-उले ओढा

श्रावणी सोमवार. ओवर्स कॉर्नरला गाडीरस्ता संपतो आणि तिथे एक जुनी पंचवीस पौंडी तोफ ठेवलेली आहे. नोएल ओवर्स नावाच्या सर्वेक्षकाला १९४२ मध्ये इथून पुढे रस्ता काढता येतो का ते बघायला पाठवलं होतं. त्याचं नाव राहिलं, रस्ता अजून तिथेच संपतो.

सुरुवातच उताराने. सह्याद्रीत कातळ असतो, पाय ठेवला की तो तिथेच राहतो. इथे कातळ नाहीच. लाल-पिवळी चिकणमाती आणि त्यावर मुळांचं जाळं. मुळावर पाय पडला तर घसरणार आणि मातीवर पडला तर रुतणार. गोल्डी नदी गुडघाभर पाण्यातून पार केली आणि इमिटाचा चढ लागला. सैन्याने इथे ओंडक्यांच्या पायऱ्या बांधल्या होत्या आणि त्याला ‘सोनेरी जिना’ म्हणत. पायऱ्यांच्या मागची माती पावसाने वाहून जायची आणि प्रत्येक पायरी म्हणजे चिखलाचं एक टोपलं व्हायचं. आता ओंडके नाहीत, टोपली आहेत.

आणि इथेच माझी गुर्मी उतरली. बुकिंग करताना ‘स्वतंत्र पोर्टर हवा का?’ या प्रश्नाला मी ठसक्यात ‘नको’ लिहिलं होतं. आपली सॅक आपण उचलायची, हमाल कशाला, असा विचार. इमिटाच्या माथ्यावर पोचले तेव्हा पाय लटपटत होते आणि उजवा गुडघा वेगळंच काहीतरी म्हणत होता. उतारावर मी तीनदा बसले. म्हणजे बसवली गेले.

संध्याकाळी गाइडने शांतपणे सांगितलं, “उद्यापासून तुझी सॅक दुसरा माणूस घेईल. यावर चर्चा नाही.” पैसे परत आल्यावर द्यायचे ठरले. तुम्ही जाणार असाल तर पोर्टर आधीच घ्या. त्यात लाज काही नाही, आणि वाटेवरच्या गावांत रोख पैसा येण्याचे मार्गही मोजकेच आहेत.

दुसरा दिवस : इओरिबाइवा

सकाळी एक पंचविशीतला मुलगा आला, माझी सॅक एका हाताने उचलली आणि हसून म्हणाला, “मॉनिंग, मामा.”

मी मागे वळून पाहिलं. मामा कुठले? मग कळलं की टोक पिसिन या इथल्या बोलीभाषेत मामा म्हणजे आई. माझ्या वयाच्या बाईला इथे तसंच हाक मारतात. मराठीत त्याचा अर्थ काय ते मी त्याला सांगितलं तेव्हा तो ओंडक्यावर बसून हसला, आणि अर्ध्या तासात सगळ्या पोर्टरांत ती बातमी पोचली. मी त्याला ‘दादा’ शिकवलं. पुढचे नऊ दिवस एक मुलगा एका बाईला मामा म्हणत होता आणि ती त्याला दादा. अकोल्याच्या बाजारात हे ऐकून लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं.

उआ-उले ओढा इतक्या वेळा ओलांडावा लागतो की शेवटी मी मोजणं सोडून दिलं. मग इओरिबाइवाचा चढ. सप्टेंबर १९४२ मध्ये जपानी इथपर्यंत पोचले. रात्री दूरवर मोर्सबीचे दिवे दिसत होते म्हणतात. पण पोटात अन्न नव्हतं आणि पुरवठा मागेच तुटलेला. तिकडे सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर त्यांची लढाई बिघडत होती, म्हणून इथल्यांना माघारीचा हुकूम आला. ऑस्ट्रेलियन चढून आले तेव्हा माथा रिकामा सापडला.

उतारावर दादा माझ्या पुढे, एक हात मागे धरलेला. मी घाई केली की त्याचं एकच वाक्य, “मामा, इसी इसी.” सावकाश, सावकाश. घसरून बसले की “सोरी मामा.” त्याची काही चूक नसायची. दुसऱ्याला लागलं की इथे असंच म्हणतात.

जेवणाचं सांगते. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण कंटाळाल. भात, नूडल्स, बिस्किटं, आणि गावोगाव काउकाउ, म्हणजे रताळं. उकडलेलं रताळं, निखाऱ्यावर भाजलेलं रताळं, आदल्या दिवशीचं गार रताळं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूश झाली, “बरं झालं, श्रावण पाळलास.” मी एक डबा शेंगदाण्याची चटणी नेली होती. भाजलेल्या काउकाउवर ती चटणी घालून दादाला दिली. त्याने डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाला, “नामो.” हा मोटू भाषेतला शब्द, म्हणजे छान. ‘नामो हेरेआ’ म्हणजे फारच छान. डबा चौथ्या दिवशी संपला, तो माझ्यामुळे नाही.

तिसरा आणि चौथा दिवस : मागुली, नाउरो, मेनारी

मागुलीची रांग म्हणजे निव्वळ फसवणूक. माथा आला असं वाटतं, पोचलो की पुढे आणखी एक माथा. असं किती वेळा झालं ते विचारू नका. तात्या दर खोट्या माथ्यावर टोपी काढून वाकून नमस्कार केल्यासारखं करत.

पाऊस रोज दुपारी तीनच्या सुमारास यायचा, ड्यूटी लागल्यासारखा. सगळं सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा, सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका. झोपायचे कपडे वेगळे ठेवा आणि कितीही मोह झाला तरी सकाळी कालचेच ओले कपडे चढवा. काठ्या दोन. किना हे इथलं चलन, त्याच्या सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा. गावात केळी, काकड्या, पॅशनफ्रूट आणि ट्विस्टीजची पाकिटं मिळतात, मोड मिळत नाही. मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही सांगितलेले सगळे दिवस घ्या. हे मी लॅबवाली म्हणून सांगते, त्या स्लाइड मी रोज बघते.

मेनारीत गावाच्या मैदानावर तंबू टाकले. ६ सप्टेंबर १९४२ ला ३९व्या बटालियनची उरलीसुरली माणसं इथेच रांगेत उभी होती आणि त्यांचे कमांडर राल्फ हॉनर त्यांच्याशी बोलले. ही नेहमीची फौज नव्हती. मिलिशियातली, म्हणजे राखीव दलातली कच्ची मुलं, कित्येक अठरा-एकोणीस वर्षांची. बाकीचे सैनिक त्यांना ‘चॉको’ म्हणत, चॉकलेटचे सैनिक, ऊन लागलं की वितळणारे. नियमित फौज येईपर्यंत ही वाट त्या चॉकोंनी अडवून धरली.

संध्याकाळी तात्या त्या मैदानाच्या मधोमध आपली स्टुलासारखी छोटी खुर्ची टाकून बसले. वडील घरी काय सांगायचे, मी विचारलं. “काहीच नाही,” ते म्हणाले. “फक्त डबाबंद बीफ त्यांनी कधी घरात येऊ दिलं नाही. आई एकदा विसरून घेऊन आली, तर उठून अंगणात गेले आणि डबा पुरून आले.”

पाचवा दिवस : ब्रिगेड हिल

मेनारीतून थेट चढ. वर पोचलं की झाडी एकदम मोकळी होते, गवताळ माथा, लांबवर डोंगरांमागे डोंगर. इतकी सुंदर जागा या वाटेवर दुसरी नाही. गाइडने सगळ्यांना बसवलं आणि सप्टेंबर १९४२ मधल्या त्या तीन दिवसांत इथे काय झालं ते सांगितलं. जपान्यांनी बाजूच्या उभ्या कड्यावरून चढून मागून वाट कापली आणि ऑस्ट्रेलियन तुकड्यांना जंगलात शिरून निसटावं लागलं. मेलेल्यांना आधी इथेच पुरलं होतं, नंतर बोमानाला नेलं.

मला मात्र त्या माथ्यावर एका जपान्याची गोष्ट जास्त चिकटली. कोकिची निशिमुरा. १४४व्या रेजिमेंटचा सैनिक, या लढाईत त्याच्या प्लॅटूनमधला तो एकटा वाचला. परत येऊन तुम्हाला घरी नेईन असा शब्द त्याने मेलेल्या साथीदारांना दिला होता. १९७९ मध्ये, साठीच्या घरात असताना, तो परत आला आणि त्यानंतरची कित्येक वर्षं इथे हाडं शोधत राहिला. लोक त्याला ‘बोन मॅन’ म्हणत. दादाच्या गावातल्या म्हाताऱ्यांना तो आठवतो, फावडं घेऊन फिरणारा.

उतरताना गुडघ्याने संप पुकारला. दादाने बोटाने दाबून पाहिलं आणि निदान केलं, “स्क्रू बागारॅप.”

स्क्रू म्हणजे गुडघा. बागारॅप म्हणजे बिघडलाय, मोडलाय. मी हसत सुटले. आमच्याकडे कुणाचा स्क्रू ढिला म्हटलं की गुडघा नाही, डोकं बघतात, हे त्याला समजावून सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, “मामा, दोन्ही.”

सहावा दिवस : एफोगी, शनिवार

वाटेवरची बहुतेक गावं कोइआरी जमातीची आणि सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची. शुक्रवारी सूर्य मावळला की कामं बंद, फळांचा बाजार बंद, शनिवारी विसावा. आमच्या गाइडने वेळापत्रकच तसं आखलं होतं आणि माझ्या स्क्रूने त्याचे आभार मानले. पुढे जायची घाई असलेल्या दूधवाल्या बापाने जरा कुरकुर केली, मग तोही नदीवर कपडे धुवायला गेला.

सकाळी पोर्टर इस्त्री केल्यासारखे पांढरे शर्ट घालून चर्चला निघाले. पाच दिवस पाठीवर आमची ओझी, आणि त्यात हा शर्ट कुठे, कसा जपला होता देव जाणे. आम्हीही मागच्या बाकावर बसलो. वाद्य एकही नाही, फक्त आवाज, चार पट्ट्यांत. लाकडी भिंतींतून ते गाणं बाहेर धुक्यात जात होतं. शब्द एकही कळला नाही आणि काकड आरतीच्या वेळी लहानपणी जसं अंगावर काटा यायचा तसा आला.

दुपारी दादाने त्याच्या आजीला भेटवलं. ती बिलुम विणत बसली होती. बिलुम म्हणजे गाठीगाठींची विणलेली झोळी, तिचा पट्टा कपाळावर घेतात आणि वजन पाठीवर. त्यात रताळी जातात, सरपण जातं, बाळ झोपतं. आजीचा बाप १९४२ मध्ये वाहक होता. बुबू, आजोबा-पणजोबांसाठी इथे हाच शब्द. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी या वाहकांना ‘फझी वझी एंजल्स’ नाव दिलं, कुरळ्या केसांचे देवदूत. जखमी माणसाच्या एका स्ट्रेचरला आठ जण लागत आणि ज्या उतारावर मी एकटी उभी राहू शकत नव्हते तिथून ते त्याला हिंदकळू न देता नेत. ऑस्ट्रेलियात हे सगळं मी ऐकलं होतं. जून १९४२ मध्ये हुकूम काढून गावातल्या माणसांना सक्तीने या कामाला जुंपलं, हे नव्हतं ऐकलं.

“बुबू स्वतःहून गेले होते?” मी विचारलं.

आजी काहीतरी म्हणाली. दादाने भाषांतर केलं, “पोलीस आला. म्हणाला, चल.”

तिने मला एक छोटा बिलुम दिला. पैसे दिले, तिने मोजले, त्यातली एक नोट परत केली.

सातवा आणि आठवा दिवस : माउंट बेलामी, टेम्पल्टन्स क्रॉसिंग

बेलामी हा वाटेवरचा सगळ्यात उंच माथा, २,१९० मीटरच्या आसपास. म्हणजे कळसूबाईपेक्षा पाचशेहून अधिक मीटर वर. पण वर गेल्यावर काही दिसत नाही. शेवाळाचं जंगल, झाडांच्या खोडांवर हातभर जाड हिरवी गोधडी, पँडॅनसची ताडमाड झाडं आणि धुकं. पाय ठेवला की जमीन गादीसारखी दबते. रात्री थंडी वाजते. विषुववृत्तीय देश म्हणून गरम कपडे न नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

टेम्पल्टन्स क्रॉसिंगला नाव मिळालं ते ३९व्याच्या कॅप्टन सॅम टेम्पल्टनचं. जुलै १९४२ मध्ये कोकोडाच्या पलीकडे तो आपल्या माणसांना सावध करायला एकटा निघाला आणि परत आलाच नाही. जिथे हरवला तिथे नाही, इथे ओढ्यावर त्याचं नाव आहे.

ओढ्यांवरचे पूल म्हणजे दोन-तीन ओंडके, वेलीने बांधलेले, खाली पांढरं फेसाळ पाणी. दादा पाण्यात कमरेइतका उतरून खालून माझ्या पावलांकडे बघत चालायचा. मी खाली बघायचं नाही, त्याच्या डोक्यावरची लाल टोपी बघायची, असं आमचं ठरलं होतं.

नववा दिवस : इसुरावा

इओरा क्रीकच्या कडेने, आलोलावरून, दुपारी इसुरावाला पोचलो. डोंगराच्या उतारावर कापलेली हिरवळ, खाली दरी, आणि काळ्या ग्रॅनाइटचे चार खांब, धैर्य, चिकाटी, मैत्री, त्याग या शब्दांचे. ऑगस्ट १९४२ च्या शेवटच्या आठवड्यात इथे सगळ्यात भीषण लढाई झाली. २९ ऑगस्टला फळी तुटायला आली असताना किंग्जबरी ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन, कमरेला लावून एकटाच पुढे धावला, जपानी मागे रेटले, आणि एका मोठ्या दगडाजवळ नेमबाजाच्या गोळीने पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. तो दगड तिथे आहे. मी हात लावून पाहिला. गार आणि खडबडीत, शेवाळलेला.

मला माणगावातला पुतळा आठवला. यशवंत घाडगे, २२ वर्षांचे, १० जुलै १९४४, इटली. बाकीचे सगळे पडल्यावर तेही असेच एकटे मशीनगनवर धावले होते, आणि त्यांनाही शेवटी नेमबाजांनीच टिपलं. कोकणात जाताना त्या पुतळ्यावरून मी किती वेळा गेले असेन, एसटीच्या खिडकीत पाय वर घेऊन.

पहाटे अंधारात सगळे खांबांशी उभे राहिलो. तात्यांनी वडिलांचं नाव आणि नंबर मोठ्याने वाचला. बस, तेवढंच. मग पोर्टरांनी गायलं. उजाडू लागलं तेव्हा खालची दरी ढगांनी काठोकाठ भरली होती.

मी दादाला विचारलं, या चार शब्दांतला बुबूंचा कोणता? त्याने खांबांकडे पाहिलं, विचार केला. “बुबू म्हणायचे, थंडी. ब्लँकेट एकच, ते स्ट्रेचरला बांधलेलं.”

दहावा दिवस : कोकोडा

डेनिकीवरून खाली कोकोडाचं खोरं दिसतं, सपाट, हिरवं, त्यात धावपट्टीची फिकट रेघ. उतार संपला आणि होईच्या ओढ्यात बुटांसकट बसलो. पुढचा सपाट रस्ता रटरटतं ऊन, निळी मोठी फुलपाखरं, आणि मागून पळत येणारी शाळकरी पोरं. कमानीखाली फोटो. तात्या कमानीतून गेले, परत मागे आले, आणि पुन्हा एकदा गेले.

दुसऱ्या दिवशी छोट्या विमानाने मोर्सबीला परतलो. जी वाट चालायला दहा दिवस लागले ती खिडकीतून साधारण वीस मिनिटांत सरकून गेली. दादा विमानात नव्हता. तो चालत घरी निघाला होता, तीन दिवसांत पोचतो म्हणाला, “ओझं नाही ना.” माझ्या काठ्या मी त्याला दिल्या. त्याने त्या आजीसाठी घेतल्या.

एक शेवटची सूचना. ऑस्ट्रेलियात परतताना बूट खरवडून, ब्रश मारून, वाळवून न्या आणि फॉर्मवर लिहा. मी मोर्सबीच्या हॉटेलात तीन वेळा धुतले होते, तरी ब्रिस्बेनला अधिकाऱ्याने तळव्याच्या खाचेतून लाल मातीचा एक खडा काढून दाखवला. बिलुमही उलटा करून तपासला, मग दिला.

पंधरा दिवसांनी, लॅबमध्ये स्लाइड लावत असताना फोन वाजला. गावाजवळच्या टेकडीवर चढलं की सिग्नल मिळतो, असं दादा म्हणाला होता. आवाजी निरोप, मागे कोंबडा आरवतोय.

“मामा, स्क्रू ओराइट?”

मी लिहिलं, “गुडघा ओराइट.”